फ्री व्हायब्रेशनचं उत्तर जुळत नाही? आधी ते किती पट चुकलंय ते बघा

सबमिशनचा आठवडा आला की माझ्या दारात चपलांचा ढीग पडतो. कोल्हापुरात राजारामपुरीत मी मेकॅनिकलच्या डिप्लोमा आणि डिग्रीच्या मुलांना शिकवते, आणि त्या आठवड्यातली तक्रार दर वर्षी तीच असते: "मॅडम, थिअरीचं आणि प्रॅक्टिकलचं जुळंना." समोर जर्नल उघडं असतं. फ्री व्हायब्रेशनचा प्रयोग, म्हणजे स्प्रिंगला लावलेलं वजन एकदा ओढून सोडायचं आणि ते आपलं आपण हलताना मोजायचं, आणि प्रॅक्टिकलच्या रकान्यातला कागद खोडरबरानं घासून पातळ झालेला. स्टॉपवॉचवर आलेला आकडा पुसायचा आणि गणिताच्या उत्तराजवळ जाईल असा दुसरा लिहायचा, हे चाललेलं असतं.

तो आकडा पुसू नका. फ्री व्हायब्रेशन शिकताना तुमच्या हातात खरा म्हणावा असा तो एकच आकडा असतो. स्प्रिंग आणि वजन सूत्र वाचून हलत नाहीत. जुळत नसेल तर बहुतेक वेळा गणितात, मोजण्यात किंवा आकृती समजण्यात चूक असते, आणि ती शोधायला सोपा रस्ता आहे: दोन उत्तरांचा भागाकार करा. किती पट फरक आहे ते कळलं की चूक कुठे आहे ते निम्मं कळलंच.

आधी एक बरोबर सोडवलेलं उदाहरण घेऊ, म्हणजे पुढे तुलना करता येईल. स्प्रिंगला पलड्यासकट ४ किलो लावले आणि ती ३२ मिलिमीटर ताणली गेली. ४ किलोचं वजन ३९.२४ न्यूटन. त्याला ०.०३२ मीटरनं भागलं की स्टिफनेस, म्हणजे स्प्रिंगचा कडकपणा, १२२६ न्यूटन प्रति मीटर. स्टिफनेसला वस्तुमानानं भागून वर्गमूळ काढलं की १७.५ रेडियन प्रति सेकंद. त्याला दोन पायनं (२π) भागलं की २.७९ हर्ट्झ, म्हणजे एका आंदोलनाला ०.३५९ सेकंद आणि वीस आंदोलनांना ७.१८ सेकंद.

आता चुका बघा.

उत्तर ३१.६ पट चुकलंय? मग स्टिफनेस न्यूटन प्रति मिलिमीटरमध्येच राहिलाय. ३१.६ म्हणजे १००० चं वर्गमूळ. वरच्या उदाहरणात एका आंदोलनाला ११ सेकंदांच्या वर वेळ येतो. स्प्रिंगला लावलेलं ४ किलोचं वजन ११ सेकंदांत एकदा खालीवर होईल का, हे कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून डोळ्यांसमोर आणा. उत्तर लगेच खोटं वाटेल.

३.१३ पट चुकलंय? ते ९.८१ चं वर्गमूळ. वस्तुमानाच्या जागी वजन घातलंत, ४ च्या ऐवजी ३९.२४. कोल्हापुरात काय, सगळीकडेच आपण बाजारात "वजन ४ किलो" म्हणतो, त्यामुळे ही चूक जिभेतूनच वहीत उतरते. सूत्रात खाली बसतं ते वस्तुमान, किलोमध्ये. स्टिफनेस काढताना लागतं ते वजन, न्यूटनमध्ये. एकाच गणितात दोन्ही लागतात म्हणून घोटाळा होतो.

६.२८ पट? रेडियन प्रति सेकंद आणि हर्ट्झ यांची अदलाबदल झालीय. हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळ्यांकडून होतं.

बरोबर दुप्पट किंवा निम्मं आलं तर दोन संशयित आहेत. एक, मोजताना वजन मधून गेलं की प्रत्येक वेळी एक धरलं. वर जाताना एक, खाली येताना एक, म्हणजे एका आंदोलनाची दोन झाली. दुसरा संशयित स्प्रिंगच्या जोडणीचा, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते.

पाच टक्क्यांचा फरक असेल तर बहुतेक वजन सोडतानाच "एक" म्हणालात. सोडताना "शून्य" म्हणायचं असतं. "एक"पासून सुरू केलं तर वीस म्हणेपर्यंत एकोणीसच आंदोलनं झालेली असतात, आणि भागता मात्र विसानं.

मोजण्यातली आणखी एक गोष्ट मी मुलांना पहिल्याच दिवशी सांगते. बटण दाबायला हात थोडा उशीर करतोच. ७ सेकंदांच्या मोजणीत ०.२ सेकंदांची गफलत झाली तर तीन टक्के गेले. म्हणून शक्य असेल तिथे पन्नास आंदोलनं मोजा, तीच गफलत एक टक्क्यावर येते. पण सेकंदाला जवळजवळ तीन आंदोलनं होत असताना मराठीत पन्नासपर्यंत मोजणं जमत नाही. "एकोणचाळीस" म्हणेपर्यंत पुढचं आंदोलन होऊन गेलेलं असतं. एक ते दहाच मोजा, दहा झाले की एक बोट मिटा, पुन्हा एकपासून. पाच बोटं मिटली की बटण दाबा.

आता जी चूक ओळखायला सगळ्यात अवघड, तिच्याकडे येते. मागच्या सत्रात एक मुलगा आला. वीस आंदोलनांना स्टॉपवॉचवर ७.२ सेकंद, गणितात ६.२. युनिट बरोबर, मोजणी बरोबर, तीनदा करून तेच. आणि निष्कर्षात त्यानं लिहून टाकलं होतं: "हवेच्या डॅम्पिंगमुळे फरक आला." डॅम्पिंग म्हणजे हलणं हळूहळू विझवणारा अडथळा. हे वाक्य मी इतक्या जर्नलमध्ये वाचलंय की ते छापूनच येतं की काय असं वाटावं.

मी त्याला म्हटलं, डॅम्पिंगला दोष देतोयस तर किती डॅम्पिंग लागेल ते काढून बघू. झीटा म्हणजे डॅम्पिंग रेशो, डॅम्पिंग किती ते सांगणारा आकडा. एकातून झीटाचा वर्ग वजा करायचा, त्याचं वर्गमूळ काढायचं आणि त्यानं नॅचरल, म्हणजे डॅम्पिंग नसतानाच्या फ्रिक्वेन्सीला गुणायचं, की डॅम्प्ड फ्रिक्वेन्सी मिळते. झीटा ०.१ असला, म्हणजे चांगलंच डॅम्पिंग असलं, तरी फ्रिक्वेन्सी अर्धाच टक्का उतरते. त्याचा फरक होता जवळजवळ साडेतेरा टक्क्यांचा. तेवढा आणायला झीटा ०.५ लागतो. आणि झीटा ०.५ असेल तर एका आंदोलनात ॲम्प्लिट्यूड तीन टक्क्यांच्याही खाली येतं. ४० मिलिमीटर ओढून सोडलं तर पुढचं शिखर जेमतेम एका मिलिमीटरचं. तुला वीस आंदोलनं मोजता आली, हाच डॅम्पिंग निर्दोष असल्याचा पुरावा आहे.

मग चूक कुठे? स्प्रिंग मागवली. त्यानं ती पिशवीतून आणलीच होती, शिवाजी उद्यमनगरातल्या दुकानातून घेतलेली, वेटोळी एकमेकांना घट्ट चिकटलेली. दारावरच्या हुकाला टांगली. १ किलो लावला. स्प्रिंग हलली नाही. मुलगा म्हणाला, "मॅडम, अडकली काय?" अडकलेली नव्हती. २ किलो लावल्यावर ८ मिलिमीटर ताणली. ३ ला १६, ४ ला २४. आता लक्षात आलं का? पहिल्या किलोत काहीच नाही आणि नंतर दर किलोला ८. अशी घट्ट वेटोळ्यांची स्प्रिंग गुंडाळतानाच तिच्यात आधीचा ताण बसवलेला असतो. तेवढा ताण ओलांडेपर्यंत वेटोळी सुटत नाहीत.

त्यानं एकच रीडिंग घेतलं होतं: ४ किलोला २४ मिलिमीटर. भागाकार केला, १६३५ न्यूटन प्रति मीटर. पण खरा स्टिफनेस म्हणजे वाढवलेलं वजन भागिले त्यामुळे वाढलेली लांबी. ९.८१ न्यूटनला ८ मिलिमीटर, म्हणजे १२२६. तो आकडा घेऊन गणित केलं तर वीस आंदोलनांना ७.१८ सेकंद. त्याचं स्टॉपवॉच पहिल्या दिवसापासून बरोबर होतं.

तो मुलगा बराच वेळ जर्नलकडे बघत बसला. मग त्यानं पुसलेल्या जागी ७.२ पुन्हा लिहिलं आणि वरचा स्टिफनेस खोडला.

म्हणून स्टिफनेस एका रीडिंगवरून कधीच काढू नका. चार-पाच वजनं लावा, आलेख काढा, रेषेचा उतार घ्या. रेषा शून्यातून जात नसेल तर स्प्रिंग काहीतरी सांगतेय. आणि अशा स्प्रिंगला हलवताना ओढायचं तेही जपून. ४ किलोवर ती २४ मिलिमीटर उघडलेली आहे. त्याहून जास्त ओढून सोडलंत तर वर जाताना वेटोळी एकमेकांवर आपटतात, आणि मग ते आपलं साधं फ्री व्हायब्रेशन राहतच नाही.

एक छोटी भर. स्प्रिंगचं स्वतःचं वस्तुमानही हलतं, पण सगळं सारख्या वेगानं नाही. वरचं टोक स्थिर, खालचं पूर्ण वेगात. वेग लांबीच्या प्रमाणात वाढत जातो, आणि ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो, म्हणून हिशेबात एक तृतीयांश वस्तुमान धरायचं. ३०० ग्रॅमची स्प्रिंग असेल तर ४ किलोत १०० ग्रॅम मिळवा. फ्रिक्वेन्सी सव्वा टक्क्यानं उतरेल. पलडा विसरलात तर त्याहून मोठी चूक होते, त्यामुळे आधी पलडा.

यानंतरचा प्रश्न प्रयोगातला नाही, समजुतीतला आहे, आणि परीक्षेत सगळ्यात जास्त मार्क तोच खातो. "मॅडम, ग्रॅव्हिटी कधी घ्यायची आणि कधी सोडायची?" पुस्तकात उभ्या स्प्रिंगच्या गणितात ग्रॅव्हिटी सुरुवातीला दिसते आणि दोन ओळींनी गायब होते. पेंड्युलममध्ये मात्र शेवटपर्यंत राहते. मुलं दोन्ही पाठ करतात आणि तिसरी आकृती आली की गडबडतात.

उभ्या स्प्रिंगचं असं बघा. वजन लावलं, स्प्रिंग ताणली, सगळं शांत झालं. या शांत जागी स्प्रिंगचा वरचा ओढा आणि वजनाचा खालचा ओढा बरोबर सारखे आहेत. हिशेब मिटलेला आहे. आता इथून १० मिलिमीटर खाली ओढलं. वजनाचा ओढा वाढला का? नाही, ४ किलो ते ४ किलोच. स्प्रिंगचा ओढा वाढला, फक्त नव्या १० मिलिमीटरपुरता. वजनाला परत जागेवर आणणारं बल म्हणजे एवढंच. म्हणून अंतर या शांत जागेपासून मोजलं तर ग्रॅव्हिटी आपोआप जाते. स्प्रिंगच्या मोकळ्या टोकापासून मोजलंत तर ती प्रत्येक ओळीत राहणार. तेही चूक नाही, पण गणित उगाच लांबतं. हीच स्प्रिंग आणि हेच वजन गुळगुळीत टेबलावर आडवं ठेवलं तरी फ्रिक्वेन्सी तीच येते, ती याच कारणानं.

आता हिंजला धरलेला दांडा घ्या, टोकाला वजन, मध्ये कुठेतरी स्प्रिंग. इथे मी एकच प्रश्न विचारायला लावते: दांडा थोडा फिरला की वजनाचा हिंजपासूनचा आडवा आर्म, म्हणजे आडवं अंतर, बदलतो का? दांडा आडवा असेल तर आर्म जवळजवळ तेवढाच राहतो. वजनाचा मोमेंट, म्हणजे फिरवण्याचा जोर, आधी होता तेवढाच, तो स्प्रिंगच्या सुरुवातीच्या ताणात मिटलेला. ग्रॅव्हिटी गेली. दांडा उभा लटकत असेल तर आधी आर्म शून्य होता, फिरल्यावर तयार झाला, आणि तो दांड्याला परत मध्ये आणतो. ग्रॅव्हिटी स्प्रिंगच्या मदतीला आली, मिळवायची. दांडा हिंजवर उभा असेल, वजन डोक्यावर, तर फिरल्यावर वजन त्याला आणखी पाडायला बघतं. वजा करायची.

हा तिसरा प्रकार आपल्याकडे कोणाला चित्र काढून सांगावा लागत नाही. चैत्रात जोतिबाला सासनकाठ्या नाचतात तेव्हा बघा. एवढी उंच काठी, भार वर, आणि चारी बाजूंनी दोर धरलेली माणसं. ते दोर म्हणजे स्प्रिंग. काठी एका बाजूला कलली की त्या बाजूचं वजन तिला आणखी कलवतं आणि समोरचा दोर तिला परत ओढतो. दोर ताठ असतील तर काठी डुलते आणि सावरते. दोर सैल पडले तर डुलणं संथ होत जातं, आणि एका मर्यादेनंतर काठी सावरतच नाही. गणितात तिथेच वर्गमुळाच्या आतला आकडा ऋण होतो. पेपरात असं ऋण उत्तर आलं तर घाबरून चिन्ह बदलू नका. आधी बघा, खरंच पडणारी आकृती दिलीय का. दिली असेल तर "ही रचना अस्थिर आहे, आंदोलन होणार नाही" हेच उत्तर.

स्प्रिंगच्या जोडणीचं सांगायचं राहिलं होतं. वजनाच्या वर एक स्प्रिंग छताला आणि खाली एक जमिनीला. दिसायला एकाखाली एक, म्हणून वर्गातली निम्मी मुलं सिरीज लिहितात. ती पॅरलल आहे. कागदावर कशी दिसते ते विसरा आणि वजन मनात १० मिलिमीटर खाली ढकला. वरची १० नं ताणली, खालची १० नं दबली. दोन्हींचा बदल सारखा, आणि दोघीही वजनाला वर ढकलतायत. बदल सारखा असेल तर पॅरलल. सिरीजमध्ये दोन्हींतलं बल सारखं असतं आणि बदल वाटला जातो. दोन सारख्या स्प्रिंग असतील तर पॅरललचा स्टिफनेस सिरीजच्या चौपट, आणि फ्रिक्वेन्सी दुप्पट. मघाशी म्हटलेला दुपटीचा दुसरा संशयित तो हाच. स्प्रिंग मधून कापली तर उरलेल्या अर्ध्या तुकड्याचा स्टिफनेस दुप्पट होतो, निम्मा नाही, हेही याच विचारातून निघतं.

कॅंटिलिव्हर, म्हणजे एकाच टोकाला घट्ट धरलेल्या, पट्टीच्या प्रयोगात वेगळी अडचण असते. तिथे युनिट क्वचित चुकतं, जाडी चुकते. वजन न लावलेल्या पट्टीची फ्रिक्वेन्सी जाडीच्या प्रमाणात आणि लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. पट्टी दुकानदारानं ३ मिलिमीटर म्हणून दिली आणि व्हर्नियरवर २.८ भरली, तर सात टक्के तिथेच गेले. लांबी मोजायची ती व्हाइसच्या जबड्याच्या कडेपासून, पट्टीच्या व्हाइसमधल्या टोकापासून नाही. आणि व्हाइस घट्ट आवळलाय ना, हे हातानं हलवून बघा. सैल पकडीत पट्टी आतपर्यंत वाकते, म्हणजे खरी लांबी तुम्ही मोजलेल्या लांबीपेक्षा जास्त असते. घरी करून बघायचं असेल तर १ मिलिमीटर जाडीची स्टीलची फूटपट्टी टेबलाच्या कडेला घट्ट दाबा. २५ सेंटिमीटर बाहेर ठेवून टिचकी मारली तर सेकंदाला साधारण १३ वेळा हलते, डोळ्यांना अंधुक दिसते. साडेबारा सेंटिमीटर ठेवा, ५२ च्या आसपास जाते आणि गुणगुणायला लागते.

शेवटी डॅम्पिंग. शिखरांची उंची किती घटत जाते त्यावरून डॅम्पिंग काढायचं, त्या लॉगॅरिदमिक डिक्रिमेंटमध्ये दोनच चुका पुन्हा पुन्हा दिसतात. पहिल्या शिखरावर १२ मिलिमीटर आणि पाच आंदोलनांनंतर ६ असेल तर १२ भागिले ६ चा नॅचरल लॉग, भागिले ५: ०.१३९. झीटा ०.०२२. कॅल्क्युलेटरवर नॅचरल लॉगच्या ऐवजी साध्या लॉगचं बटण दाबलं की उत्तर २.३ पट कमी येतं. आणि आलेखावर शिखरं सहा मोजली म्हणून सहानं भागलं की दुसरी चूक. सहा शिखरांच्या मध्ये आंदोलनं पाचच असतात, पाच बोटांमध्ये फटी चारच असतात तशी.

याबाबतीत एका विद्यार्थ्यानं मला शिकवलं. तो दिवसा गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत काम करायचा आणि संध्याकाळी माझ्याकडे यायचा. डॅम्पिंग रेशो म्हणजे नक्की काय, हे त्याला आकड्यांतून उमगत नव्हतं. एक दिवस त्यानं एकाच पॅटर्नच्या दोन लहान कास्टिंग आणल्या, एक ग्रे आयर्नची आणि एक एसजीची, म्हणजे स्फेरॉइडल ग्रॅफाइट आयर्नची. दोऱ्यानं टांगल्या आणि छोट्या हातोडीनं ठोकल्या. ग्रे जरा खालच्या सुरात वाजली आणि लगेच बद्द झाली. एसजी वरच्या सुरात खणखणली आणि वाजतच राहिली. "आम्ही रोज असंच ओळखतो, मॅडम. हे म्हणजे झीटा काय?"

त्यातला अर्धा भाग झीटा. सूर किती वरचा ते स्टिफनेस आणि वस्तुमान ठरवतात. ग्रे आयर्नचा इलास्टिक मॉड्युलस, म्हणजे धातूचा स्वतःचा कडकपणा, ग्रेडप्रमाणे साधारण १०० ते १३० गिगापास्कल, एसजीचा १७० च्या आसपास. घनता जवळजवळ सारखीच, म्हणून त्याच आकाराच्या तुकड्यात एसजीचा सूर साधारण १.२ पट वर जातो. आवाज किती वेळ टिकतो ते डॅम्पिंग ठरवतं. ग्रेमध्ये ग्रॅफाइट पातळ पाकळ्यांसारखं पसरलेलं असतं आणि कंपनाची ऊर्जा तिथे खर्च होते. एसजीमध्ये त्याच्या गोळ्या असतात, तिथे ती कमी खर्च होते. मशीनचे बेड ग्रे आयर्नचे करायची जुनी पद्धत आहे, तिच्यामागचं एक कारण हेही.

मग त्यानं विचारलं, तडा गेलेली कास्टिंग आवाजावरून कळते ती सुरावरून की टिकण्यावरून? दोन्हीवरून. तड्यामुळे तुकड्याचा स्टिफनेस कमी होतो, सूर खाली येतो. आणि तड्याच्या दोन कडा एकमेकींवर घासतात, त्यामुळे आवाज लवकर मरतो. दुसऱ्या दिवशी त्यानं भंगारातला एक तडा गेलेला तुकडा आणला, चांगल्याशेजारी टांगला, मोबाइलवर दोन्ही आवाज रेकॉर्ड केले आणि जर्नलच्या मागच्या पानावर दोन्हींची शिखरं मोजायला बसला. सुरुवात शून्यापासून केली होती.